पंधरा दिवसांचा कोर्स आणि पाच वर्षांचा हिशेब

"मुलगी एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या सत्रात आहे. नीटमध्ये दोनदा हुकली, त्याची सल घरात अजून आहे. आता आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या लॅबमध्येच जायचं म्हणते. मोबाइलवर पंधरा दिवसांच्या कोर्सची जाहिरात आली आहे: 'एम्ब्रियॉलॉजिस्ट व्हा, नोकरीची हमी'. फीसाठी एफडी मोडावी लागेल. मोडू का? आणि डॉक्टर नसलेल्या मुलीला हे काम करू देतात का?"
– एक वडील, जि. लातूर

नमस्कार,

एफडी मोडू नका. निदान या कोर्ससाठी तरी नाही.

पण आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्यामागचे रॉबर्ट एडवर्ड्स वैद्यकीय डॉक्टर नव्हते, शास्त्रज्ञ होते. २०१० मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचंच नोबेल मिळालं. त्यांच्या लॅबचा भार वाहणाऱ्या जीन पर्डी शिक्षणाने नर्स. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये असं बाळ जन्मलं तेव्हाही डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या जोडीला टी. सी. आनंदकुमार हे संशोधक होते. स्त्रीबीज बाहेर काढणं आणि भ्रूण गर्भाशयात सोडणं हे डॉक्टरांचं काम. मधले पाच दिवस लॅबचे, म्हणजे तिथे भ्रूण सांभाळणाऱ्या एम्ब्रियॉलॉजिस्टचे. तुमच्या लेकीला तिथे मागच्या दाराने शिरायचं नाहीये. ते दार तिच्यासारख्यांचंच आहे.

मात्र त्या दारावर आता कायद्याचा पहारा आहे. २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा आला आणि २०२२ च्या नियमांनी एम्ब्रियॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं ते ठरवून दिलं. क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीची पूर्णवेळ, चार सत्रांची पदव्युत्तर पदवी असेल, तर त्यावर मानवी एआरटी लॅबमधला तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्या मुलीसारखी बायोटेक्नॉलॉजीची एमएस्सी असेल, तर किमान एक वर्षाचं पूर्णवेळ, प्रत्यक्ष लॅबमधलं प्रमाणित प्रशिक्षण आणि शिवाय नोंदणीकृत लेव्हल २ केंद्रात चार वर्षांचा अनुभव. लेव्हल २ म्हणजे जिथे आयव्हीएफ होतं ते; लेव्हल १ ला फक्त आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, एवढंच करता येतं.

आता बोटांवर मोजा. दुसरी एमएस्सी केली तर दोन अधिक तीन. नाही केली तर एक अधिक चार. दोन्हीकडून पाचच! म्हणून मणिपालसारख्या ठिकाणी याची चांगली एमएस्सी आहे हे खरं असलं, तरी तुमच्या घरातली एक एमएस्सी पूर्ण होत असताना पुन्हा दोन वर्षांची फी भरण्याआधी मी वर्षभराचं प्रशिक्षण शोधेन. ती बीएस्सीला असती तर माझं उत्तर उलट असतं. पंधरा दिवसांचं प्रमाणपत्र मात्र या हिशेबात कुठेच बसत नाही.

ते प्रशिक्षण देणाऱ्यांना फोनवर नव्हे, लेखी विचारा: तुमचं स्वतःचं नोंदणीकृत लेव्हल २ केंद्र आहे का? माझी मुलगी स्वतःच्या हाताने काय करणार, आणि त्याची लॉगबुकवर सही कोण करणार? उत्तर "सगळं शिकवतो" असं आलं, की पुढे जाऊ नका.

कामही समजून घ्या. सुरुवात बहुतेक वीर्यतपासणीने होते: मायक्रोस्कोपला डोळा लावून शुक्रजंतू मोजत बसायचं. घरात हा शब्द उच्चारायला अवघड वाटत असेल, तर ती सवय आधी तुम्ही करा; तिची होईल. पुढे केव्हातरी बीजं शोधायला बसवतील. शेजारच्या ऑपरेशन थिएटरमधून टेस्ट ट्यूब येते, तिच्यातला लालसर द्रव डिशमध्ये ओतून बीज हुडकायचं. आकार मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. सापडलं की आत आवाज द्यायचा. प्रत्येक टप्प्यावर जोडप्याचं नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडताळून सही करायची. इथे अदलाबदल झाली तर माफी मागून भागत नाही.

आणि वेळ. दुपारी तीनला इक्सी केलं, म्हणजे सुईने एक शुक्रजंतू बीजात सोडला, तर फलन झालं की नाही हे सोळा ते अठरा तासांत बघावं लागतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात-आठला लॅबमध्ये हजर, मग रविवार असो की लक्ष्मीपूजन. परफ्यूम, नेलपॉलिश बंद, कारण त्या वाफा भ्रूणाला बाधतात. लग्नाच्या गोष्टी कराल तेव्हा हे वेळापत्रक स्थळाला आधीच सांगा.

एक गोष्ट तिच्याशी स्वतः बोला. भ्रूणाच्या पेशी काढून जनुकीय तपासणी होते, त्यामुळे "मुलगाच बघून द्या ना" म्हणणारे भेटू शकतात. लिंगनिवड १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानेही गुन्हा आहे आणि एआरटी कायद्यानेही. नाही म्हणायची तयारी नोकरीच्या पहिल्या दिवशीच लागते.

पगार सुरुवातीला बेताचा असेल. पुण्या-मुंबईत राहायचं तर काही महिने तुम्हाला हातभार लावावा लागेल. एफडी त्यासाठी राहू द्या. तिची परीक्षा झाली की आधी एखाद्या केंद्रात चार दिवस निरीक्षणासाठी बसू देतात का ते पाहा. अंधाऱ्या, गार खोलीत तासन्‌तास न बोलता बसून ती कंटाळून घरी येते की जेवताना त्याच गोष्टी सांगत राहते, ते मला कळवा.