आई-बाबांना घेऊन इजिप्तला जाताय? प्रोग्राममधला ‘ऑप्शनल’ शब्द आधी शोधा

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात आई-वडिलांना (68 आणि 64) आठ दिवसांच्या ग्रुप टूरने इजिप्तला नेताय, अबू सिंबेल (दक्षिण इजिप्तमधली प्राचीन देवळं) ‘ऑप्शनल’ आहे, आणि ऑफिसवाले म्हणतात, ‘तिथे गेल्यावर गाइडला सांगा, होऊन जाईल.’ हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून एवढं लांब लिहितेय. अगदी हेच वाक्य मला पुण्यातल्या एका ऑफिसात ऐकवलं होतं आणि मी ते खरं मानलं.

व्हिसा, कपडे, जेवण यावर इथे भरपूर लिहिलं गेलंय, त्यात शिरत नाही.

माझे बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. आस्वानचं मोठं धरण बांधताना अबू सिंबेलची देवळं पाण्याखाली जाणार होती, म्हणून 1964 ते 1968 या काळात ती कापून, तुकडे उचलून, सुमारे 65 मीटर वर नेऊन पुन्हा जोडली. हे ते दरवर्षी वर्गात सांगायचे. त्याच मोहिमेच्या काळात बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली आपल्या पुरातत्त्व खात्याचं पथकही नूबियात (आस्वानच्या दक्षिणेचा नाईलकाठचा भाग) उत्खननाला गेलं होतं, याचा त्यांना फार अभिमान. सहलीसाठी त्यांनी दोनशेपानी वही केली होती. एका बाजूला वाचलेली माहिती, समोरचं पान कोरं, तिथे गेल्यावर लिहायला.

आम्ही शनिवारी दुपारी आस्वानला पोहोचून नाईलवरच्या क्रूझ बोटीवर चढलो. संध्याकाळी गाइडला सांगितलं, उद्या अबू सिंबेलला जायचंय. तो माणूस चांगला होता, पण त्याने हात वर केले. आस्वानहून अबू सिंबेल सुमारे 280 किलोमीटर, रस्ता वाळवंटातून. गाड्या पहाटे चारच्या सुमारास निघतात, साडेसातला पोहोचायचं, दोन तास बघायचं, एकपर्यंत परत. आमची बोट दीडला सुटणार होती, म्हणजे जमण्यासारखं होतं. पण गाडी आणि नावं कैरोत असतानाच ठरवायला हवी होती, आणि तिथला एजंट म्हणाला, तुमच्या भारतातल्या ऑफिसने लेखी कळवल्याशिवाय मी तुम्हाला ग्रुपपासून वेगळं सोडणार नाही. बोट चुकली तर जबाबदारी त्याची, त्याचंही बरोबरच. इमर्जन्सी नंबरवर बारा वेळा फोन केला. एकदा उचलला. ‘मॅडम, उद्या संडे आहे, मंडेला साहेब आले की बघतो.’ सोमवारी आम्ही बोटीने पुढे एदफूला पोहोचलो होतो.

रविवारी सकाळी फिले बघितलं (तेही दुसऱ्या बेटावर हलवलेलंच देऊळ, फार सुंदर आहे), आणि मग सव्वा तास अत्तराच्या दुकानात. त्या दुकानासाठी वेळ होता. बाबा बाहेर पायरीवर बसून राहिले. घरी आल्यावर वही चाळली, तर अबू सिंबेलसमोरचं पान कोरंच.

म्हणून सांगते, पैसे भरायच्या आधी लेखी घ्या: अबू सिंबेल कोणत्या तारखेला, किती वाजता निघणार, किती वाजता परत, बोट किती वाजता सुटणार, आणि पैसे आत्ता भरले तर पावतीवर नाव घालून देणार का. ईमेलवर. तोंडी ‘हो’ला काही अर्थ नाही. माझं मत विचाराल तर आस्वानला दोन रात्री असलेलाच प्रोग्राम घ्या, त्यासाठी कैरोतली एक रात्र कमी झाली तरी चालेल. वडिलांना इतका वेळ गाडीत बसवत नसेल तर आस्वानहून विमानही जातं, त्याची चौकशी करा. आणि ऑफिस हे लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरं ऑफिस बघा. सगळ्या कंपन्या अशाच असतात असं मी म्हणत नाही, माझ्या मावसबहिणीला फार चांगला अनुभव आला.

प्रोग्राममध्ये नुसतं ‘इजिप्शियन म्युझियम’ लिहिलं असेल तर कुठलं ते विचारा. तुतनखामूनचा खजिना आता गिझाच्या नव्या ग्रँड म्युझियममध्ये आहे, तहरीर चौकातल्या जुन्यात नाही. आणि दुसऱ्या रामसेससकट राजांच्या ममी 2021 पासून कैरोच्याच फुस्तात भागातल्या तिसऱ्याच म्युझियममध्ये आहेत. जुने प्रोग्राम तसेच छापून देतात, आणि लोक तिथे जाऊन सोन्याचा मुखवटा शोधत बसतात.

लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यात साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तुतनखामून, पहिला सेती आणि सहावा रामसेस यांचं तिकीट वेगळं. गाइड बाहेरच समजावून सांगतो, आत तुम्ही एकटे, त्यामुळे बाहेर नीट ऐका. आईंचे गुडघे दुखत असतील तर चौथ्या रामसेसचं थडगं घ्या. प्रवेशापासून जवळ, उतार सोपा, आणि आत छतापर्यंत रंग. मोठ्या पिरॅमिडच्या आत मात्र त्यांना नेऊ नका असं मला वाटतं. चढणीच्या बोळातून वाकून जावं लागतं, आणि वरच्या ग्रॅनाइटच्या खोलीत रिकाम्या पेटीशिवाय काही नाही, भिंतीवर एक अक्षर नाही. अर्थात मी डॉक्टर नाही आणि टूरवालीही नाही, वेळा आणि तिकिटांचे नियमही बदलत असतात, तेव्हा निघायच्या आधी ताजी चौकशी करा.

अजून एक. बक्षीस मागणारे पदोपदी भेटतात, तेव्हा सुट्ट्या नोटा वरच्या खिशात ठेवा. तिकीट खिडकीवर मात्र बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. एकच कार्ड नेऊ नका.

तुमच्या प्रोग्रामची आस्वान ते लक्सर ही पानं इथे टाकलीत तर आमच्या प्रोग्रामशी ताडून, वेळा बघून सांगते. कंपनीचं नाव झाकून टाका.