एसपी_ओएक्रिएटला हात लावण्याआधी

अरे, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या प्रोसीजरमधूनच (त्यात साठवलेल्या प्रोग्रॅममधूनच) एसपी_ओएक्रिएट ही आज्ञा वापरून एक्सेल चालवायचं म्हणतोस, पण जरा दमानं घे. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून ओएलई ऑटोमेशन, म्हणजे डेटाबेसमधून बाहेरचे प्रोग्रॅम चालवायची ही सोय, मुळातच बंद असतं, ते उगाच नाही. एसपी_ओएक्रिएटनं बनवलेला ऑब्जेक्ट एसक्यूएल सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये चालला आणि कोसळला, तर डेटाबेसलाही सोबत घेऊन जातो. एक्सेलसारखी ईएक्सई (स्वतंत्र चालणारी प्रोग्रॅम फाइल) असेल तर एसपी_ओएक्रिएटला शेवटचा पॅरामीटर ४ दे, म्हणजे ती वेगळ्या प्रोसेसमध्येच राहते.

प्रत्येक कॉलचा रिटर्न कोड बघ. शून्य नसेल तर काय चुकलं ते एसपी_ओएगेटएररइन्फोला विचार. नाहीतर चूक होऊनही प्रोसीजर गुपचूप पुढे जाते. अंबडच्या एका कारखान्यात मी एक्सेलला क्विट सांगायलाच विसरलो. सकाळी टास्क मॅनेजरमध्ये चालू राहिलेल्या एक्सेलांची ही रांग, लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांची लागते तशी!

खरं सांगू? फाइल लिहायचं काम पॉवरशेलला (विंडोजच्या स्क्रिप्टला) दे आणि एजंट जॉबमधून, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या वेळापत्रकावरच्या कामातून, चालव.