ड्युटी बदलताना डॉक्टर एकमेकांशी नीट बोलले तर पेशंटला खरंच फरक पडतो का?

हो, पडतो आणि चांगलाच पडतो. २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ९ हॉस्पिटल्सच्या मुलांच्या विभागांचा अभ्यास आला होता, त्यात निवासी डॉक्टरांना आय-पास नावाची हँडओव्हरची, म्हणजे ड्युटी संपताना पेशंटची माहिती पुढच्या डॉक्टरला देण्याची, ठरलेली पद्धत शिकवली आणि नंतर चुका २३ टक्के कमी झाल्या, पेशंटला इजा होईल अशा टाळता येण्यासारख्या घटना तर ३० टक्क्यांनी घटल्या. पद्धत साधीच आहे, पेशंट किती सिरीयस, आजवर काय झालं, कोणती कामं बाकी, रात्रीत तब्येत बिघडली तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने सगळं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. हे परत सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण सांगणाऱ्याला वाटतं आपण सांगितलं, पण समोरच्याला भलतंच कळलेलं असतं आणि ते तिथल्या तिथे पकडलं नाही तर त्रास पेशंटलाच होतो. फक्त एक, ९ पैकी ६ ठिकाणीच चुका ठळकपणे कमी झाल्या होत्या, म्हणजे नुसता फॉर्म छापून भागत नाही, ट्रेनिंग आणि सिनियरचं लक्ष पण लागतं.