वाचकांचे प्रश्न : पुढच्या चाकांचे अलाइनमेंट घरी करता येते का?

प्रश्न : माझ्या मोटारीचे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजू लागले आहेत. यंत्राशिवाय घरच्या घरी अलाइनमेंट करणे शक्य आहे का?

उत्तर : टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे किंचित आत किंवा बाहेर वळलेली असणे, घरी मोजता येते आणि दुरुस्तही करता येते, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा पुढे-मागे असलेला कल) मात्र बऱ्याच लहान मोटारींत बदलण्याची सोयच नसते. टायरवरून आडवा तळहात फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागले, तर टोवर संशय घ्यावा. झीज नुसतीच एकसारखी गुळगुळीत असेल, तर दोष बहुधा कॅम्बरचा असतो.

मोजण्याआधी हवेचा दाब सारखा करावा आणि चाक जॅकवर उचलून हलवून पाहावे. टाय रॉड एंड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, म्हणजे टाय रॉडचे, टोक) किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) ढिला असेल, तर तो बदलल्याखेरीज पुढचे सारे श्रम वाया जातात. ही पायरी टाळण्याचा मोह अनेकांना होतो.

त्यानंतर सपाट जमिनीवर स्टिअरिंग सरळ धरून दोन्ही टायरच्या पुढच्या बाजूस, टेप खालच्या भागांना न अडता ताणता येईल तितक्या उंचीवर, खडूने खूण करावी आणि खुणांमधील अंतर मोजावे. मग मोटार पुढेच ढकलत त्याच खुणा मागच्या बाजूस तितक्याच उंचीवर आणून पुन्हा मोजावे. खूण तीच राहिल्याने रिमच्या वाकडेपणाची चूक मापात शिरत नाही. पुढचे माप कमी भरले तर टो-इन, जास्त भरले तर टो-आउट. किती फरक हवा, हे मोटारीच्या पुस्तिकेवरूनच ठरवावे, कारण १ मिलिमीटरचा फरकही सुमारे ०.१ अंशाइतका भरतो.

दुरुस्तीसाठी लॉकनट (टाय रॉडची लांबी पक्की धरणारे नट) सैल करून दोन्ही टाय रॉड सारखेच, पाव-पाव फेरा फिरवावेत. एकच फिरवल्यास टो जुळेल, पण सरळ चालताना स्टिअरिंग तिरके राहील. टाय रॉड चाकाच्या आसामागे असतील, तर त्यांची लांबी वाढवल्याने टो-इन वाढतो. पुढे असतील, तर नेमके उलट घडते. टाय रॉडवरील रबरी बुटाची, म्हणजे आवरणाची, क्लिप आधी सैल केली नाही, तर बूट पिळवटून फाटतो. दर वेळी मोटार थोडी मागेपुढे करून मगच पुन्हा मोजावे आणि शेवटी लॉकनट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळावेत. टो जुळूनही आतली कड झिजतच राहिली, तर कॅम्बरची तपासणी यंत्रावर करून घ्यावी.