प्रश्न वाचकांचे : खारे पाणी, पाळी आणि बाळंतपण

मागील अंकात या सदरात सुंदरबनच्या बेटांवरील मासेमारी करणाऱ्या बायकांच्या आरोग्याविषयी एक टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. ते टिपण ज्यांच्या वाचनात आले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भारतातील सुंदरबनात १०२ बेटे आहेत आणि त्यांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे. पश्चिम बंगालच्या दक्षिण व उत्तर चोवीस परगणा या जिल्ह्यांत मोडणाऱ्या या बेटांवरील असंख्य कुटुंबे मासे, खेकडे आणि 'मीन' म्हणजे बागदा कोळंबीची बारीक पिल्ले पकडून जगतात. मीन पकडण्याचे काम बहुतांशी बायका आणि मुली करतात.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढून सुंदरबनातील एका बेटावर वर्षभर सॅनिटरी पॅड पाठवण्याचे ठरवले आहे. कोणत्या प्रकारचे आणि किती पॅड घ्यावेत, याचे मार्गदर्शन करावे.
— एक कार्यकर्ती, पुणे

उत्तर : पॅड पाठवूच नका, असे मी म्हणणार नाही, पण पैसे आधी कशावर खर्च व्हावेत, याचा क्रम मात्र मी बदलेन. त्यासाठी त्या बाईचे काम डोळ्यांसमोर आणावे लागेल. भरतीचे पाणी चढू लागले की ती कमरेएवढ्या पाण्यात उतरते आणि बांबूच्या चौकटीला बांधलेले, मच्छरदाणीसारखे बारीक नायलॉनचे जाळे ओढत प्रवाहाविरुद्ध काठाकाठाने चालत राहते. असे काही तास गेल्यावर ती ओल्या कपड्यांनिशीच बांधावर बसते, पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन त्यातून केसाएवढी पिल्ले शिंपल्याने एकेक करून वेचते आणि मोजून हंडीत टाकते, कारण व्यापारी हजारावर भाव देतो. पाळीच्या दिवसांत हे काम थांबत नाही. या पाण्यात पॅड काही मिनिटांतच भिजून फुगतो आणि जागेवर राहत नाही. जी वस्तू तिच्या कामाच्या वेळी निरुपयोगी ठरते, ती कितीही चांगल्या प्रतीची असली तरी तिचा मुख्य प्रश्न सोडवत नाही.

ती घरी आल्यावर दुसरी अडचण सुरू होते. २५ मे २००९ रोजी आलेल्या आयला वादळात बांध फुटून शेतात आणि तळ्यांत खारे पाणी शिरले, आणि २०२० च्या अम्फान व २०२१ च्या यास वादळांत अनेक ठिकाणी पुन्हा तेच घडले. पिण्याचे पाणी खोल कूपनलिकेवरून डोक्यावर किंवा कमरेवर वाहून आणावे लागत असल्यामुळे ते स्वयंपाक आणि पिण्यापुरतेच वापरले जाते, आणि पाळीचे कापड धुतले जाते ते तळ्याच्या मचूळ पाण्यात. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यामुळे मळ निघत नाही. कापड वाळल्यावर धाग्यांत मीठ उरते, ते दमट हवेतील ओल पुन्हा शोषून घेते, म्हणून कापड पूर्ण कोरडे कधी होतच नाही आणि ताठर होऊन मांड्यांच्या सांध्यात घासते. सोललेल्या कातडीवर पुन्हा खारे पाणी आणि चिखल लागतो. तेथील बायका ज्या खाजेची, आगीची आणि बुरशीच्या संसर्गाची तक्रार करतात, तिची बरीचशी मुळे या एवढ्याशा चक्रात आहेत.

म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाचा पहिला खर्च पावसाचे पाणी साठवण्यावर व्हावा. या भागात वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १० चौरस मीटरच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १००० लिटर पाणी मिळते. गळती आणि पहिल्या पावसाचे सोडून दिलेले पाणी वजा केले तरी टाकी भरायला फार दिवस लागत नाहीत. पाळीच्या पाच दिवसांत कापड धुण्यासाठी रोज १० लिटर गोडे पाणी धरले, तर एका बाईला महिन्याला ५० लिटर पुरतात, म्हणजे १००० लिटरची झाकणबंद टाकी दोघींचे नोव्हेंबर ते मे हे सात कोरडे महिने सहज भागवते. एवढे पाणी नसेल तेथे निदान शेवटचे खळबळणे गोड्या पाण्यात व्हावे आणि कापड उन्हात वाळावे. विटाळाच्या संकोचाने कापड माळ्यावर किंवा खाटेखाली वाळवण्याची पद्धत आपल्याकडेही अजून गेलेली नाही, तेव्हा त्याबद्दल बंगालला शहाणपण शिकवण्याचे कारण नाही.

पाण्यात उतरणाऱ्या बाईसाठी मासिक पाळीचा कप हे साधन खरोखर विचार करण्यासारखे आहे, कारण तो शरीराच्या आत बसतो आणि ८ ते १२ तास ठेवता येतो. भरतीच्या आधी आणि काम संपल्यावर असा दोनदा रिकामा केला तरी बहुतेकींना पुरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ४३ अभ्यासांचा आणि सुमारे ३३०० स्त्रियांचा समावेश असलेल्या आढाव्यात कपातून होणारी गळती इतर साधनांइतकीच किंवा त्याहून कमी आढळली होती. मात्र कप उकळायला गोडे पाणी, स्वतंत्र भांडे आणि जळण लागते, तो वापरायला शिकवणारी विश्वासातली बाई गावातच असावी लागते, आणि जिने तांबी बसवली आहे तिने तो नर्सबाईंना विचारूनच वापरावा, कारण कप काढताना तांबी सरकू शकते. अविवाहित मुलींच्या बाबतीत घरच्यांचा विरोध असेल तर आग्रह धरू नये.

पॅड द्यायचेच असतील तर ते शाळेत जाणाऱ्या मुलींना द्या, आणि एका वर्षाने थांबणार असाल तर सुरूच करू नका. बेटावर कचरागाडी येत नाही. वापरलेले पॅड खाडीत टाकले जातात किंवा बांधात पुरले जातात आणि उधाणाच्या पाण्याबरोबर परत वर येतात. शाळेच्या आवारात विटांची, झाकण असलेली भट्टी किंवा खोल बंद खड्डा यांचा खर्च तुमच्या अंदाजपत्रकात दिसला नाही, तर ते पत्रक अपुरे आहे असे समजावे.

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून कालवं आणि तिसऱ्या काढतो. खाऱ्या पाण्याने गर्भाशय सडते, असे आमच्याकडे म्हणतात. माझ्या जावेचे वय ३४ आहे. तिला अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते. एका डॉक्टरांनी तपासून पिशवी काढून टाकायला सांगितले आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, पालघर जिल्हा

उत्तर : खाऱ्या पाण्याने गर्भाशय सडत नाही. पाणी आणि चिखल यांचा त्रास बाहेरच्या कातडीला आणि योनिमार्गाच्या तोंडाशी होतो. गर्भाशय त्याच्या बरेच आत असते आणि त्याचे मुख अरुंद व चिकट स्रावाने बंद असते. पांढरे जाणे हा स्वतः आजार नसतो. पाळीच्या मध्यावर पातळ, वास नसलेला स्राव होणे नैसर्गिक आहे. दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बुरशी, माशासारखा वास असेल तर जिवाणूंचा संसर्ग, आणि पिवळा-हिरवा फेसाळ स्राव असेल तर बहुधा नवऱ्यालाही औषध द्यावे लागेल असा संसर्ग संभवतो. सरकारी आरोग्य केंद्रांत या तक्रारींसाठी रंगवार औषधसंच मोफत मिळतात, आणि अशा स्रावासाठीचा दोन क्रमांकाचा हिरवा संच एकाच दिवसात घ्यायचा असतो.

एवढ्या तक्रारीसाठी पिशवी काढणे योग्य नाही, हे मी स्पष्टपणे लिहिते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांच्या २०१९ मधील सरकारी पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, आणि त्यांतल्या कितीतरी जणींची मूळ तक्रार तुमच्या जावेसारखीच होती. अंगमेहनतीवर पोट असलेल्या बाईला 'एकदाची कटकट गेली' असे सांगणे सोपे असते. अंडाशयेही काढली गेली तर चौतिशीतच पाळी जाण्याचे परिणाम सुरू होतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि कंबरदुखी तर बहुधा तशीच राहते.

जावेला उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. आतून तपासणी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी आणि सोनोग्राफी झाल्याशिवाय शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे किंवा ताप येऊन ओटीपोट दुखणे यांपैकी काही असेल तर मात्र दिरंगाई नको. चिखलातून आल्यावर बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून सुती कपडे घालावेत. आतून साबणाने किंवा मिठाच्या पाण्याने धुण्याची सवय असेल तर ती सोडावी, तिने संसर्ग वाढतो.

प्रश्न : बांगलादेशच्या किनाऱ्यावरील मुली खाऱ्या पाण्यातला त्रास टाळण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या सलग घेऊन पाळीच थांबवतात, असे वाचले. हे धोक्याचे नाही का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सातखिरा जिल्ह्यातून अशा बातम्या आल्या आहेत. गोळ्यांनी पाळी लांबवणे वैद्यकीयदृष्ट्या अशक्य किंवा नेहमीच घातक नाही. तपासणीनंतर आम्हीही कधीकधी तसे लिहून देतो. येथील धोका वेगळा आहे. या गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे काहींचा रक्तदाब वाढतो, आणि किनाऱ्यावर तर पिण्याच्या पाण्यातूनच जादा मीठ पोटात जात असते. दुकानातून पाकीट आणून, एकदाही रक्तदाब न मोजता महिनोन्‌महिने गोळ्या घेणे म्हणूनच अयोग्य आहे. आपल्या सरकारी केंद्रांत मिळणाऱ्या 'अंतरा' या तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनात इस्ट्रोजेन नसते आणि ते घेणाऱ्या अनेकींची पाळी हळूहळू बंद होते. पण सुरुवातीचे काही महिने रक्तस्राव अनियमित होतो, हे आधी सांगितले नाही तर बाई दुसऱ्या डोसाला फिरकत नाही.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या भागात सरदार सरोवराच्या बुडितातील पाड्यांवर बोटीतला दवाखाना येतो. समुद्राकाठच्या बेटांवर बाळंतपणाचे नियोजन कसे करावे लागते, ते कळले तर आम्हालाही उपयोग होईल.
— धडगाव, जि. नंदुरबार

उत्तर : तुमच्या पाण्याला भरती-ओहोटी नाही, हा मोठा फरक आहे. खाडीत ओहोटीला होडी काठापासून लांब चिखलात अडकते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे बेटावरील कार्यकर्तीला गरोदर बाईच्या शेवटच्या महिन्यात तारखेबरोबर भरतीचे वेळापत्रकही वहीत ठेवावे लागते; कळा ओहोटीत सुरू झाल्या तर पुढचे काही तास निघताच येणार नाही, हे धरून चालावे लागते. या गोष्टीवर खरा उपाय म्हणजे तारखेच्या आठ-दहा दिवस आधी बाईला रुग्णालयाजवळ आणून ठेवणे, आणि त्या बाबतीत तुमच्याकडील माहेरघराची कल्पना बेटांवरील लोकांनी उचलण्यासारखी आहे. मागे राहिलेली मुले, बकऱ्या आणि बुडणारी मजुरी यांची सोय झाली नाही तर बाई तेथे राहणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा. बांगलादेशातील खुलना जिल्ह्यातल्या डाकोप येथील अभ्यासात गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचे प्रमाण पावसाळ्यापेक्षा कोरड्या ऋतूत, म्हणजे पाण्याचा खारटपणा वाढतो त्या काळात, जास्त आढळले. सुके खारे मासे हे तेथील रोजचे कालवण असल्यामुळे त्यात भर पडते. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज दिसणे यांतले काहीही आढळले तर पुढच्या फेरीची वाट पाहू नये. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या चौदाव्या आठवड्यापासून रोज चालू आहेत की नाही, आणि त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेतल्या जात नाहीत ना, हे विचारावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पश्चिम बंगालमधील ७१.४ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा बाईला बाळंतपणात गेलेले थोडेसे रक्तही भारी पडते.

घरीच बाळंतपण होण्याची शक्यता दाट असेल तेथे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या आधी देऊन ठेवण्याची मुभा केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शनात आहे. मूल बाहेर आल्यावर आणि पोटात दुसरे मूल नाही याची खात्री झाल्यावरच त्या तोंडाने द्याव्यात. त्याआधी दिल्यास गर्भाशय फाटू शकते, म्हणून हे सुईणीला आणि सासूला समोर बसवून, त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेऊन समजवावे. रुग्णालयात बाळंतपण झाले आणि बाईची संमती असेल, तर वार पडल्यानंतर लगेच तांबी बसवून घेता येते. ही बोलणी गरोदरपणातच व्हावीत. कळा सुरू असताना घेतलेली संमती खरी नसते. एकदा बसवलेली तांबी १० वर्षांपर्यंत चालते, आणि बेटावरील बाईचा बोटीचा एक वेगळा फेरा, भाडे आणि बुडणारा दिवस त्यामुळे वाचतो.