पाहिजे, लागतं आणि हवं होतं

यावेळी आलेल्या पत्रांमधे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत: इंग्रजीत सल्ला कसा द्यायचा, एखादी गोष्ट करणं भाग आहे हे कसं सांगायचं, आणि जे राहून गेलं त्याची हळहळ कुठल्या शब्दांत बोलायची. म्हणून स्पेलिंगचे आणि उच्चारांचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते, आज फक्त शुड, मस्ट आणि त्यांची भावंडं.

प्रश्न: मी आयटीत आहे, क्लायंट इंग्लंडचा. एका मेलमधे मी 'यू मस्ट चेक द फाइल बिफोर फ्रायडे' लिहिलं आणि दुसऱ्यात 'यू हॅड बेटर इन्फॉर्म युअर टीम'. दोन्ही वेळा मला फक्त चांगलं सुचवायचं होतं, पण आमच्या लीडने बाजूला घेऊन सांगितलं की टोन फार कडक झालाय. 'बेटर' आहे त्यात, मग कडक कसं? (हिंजवडीहून एक वाचक)

दादा, या 'बेटर'ने भल्याभल्यांना फसवलंय. हॅड बेटर म्हणजे आपलं 'केलेलं बरं', आणि आता मराठीतच बघा की 'तू उद्या वेळेवर आलेलं बरं' असं कोण कोणाला म्हणतं. मोठा लहानाला म्हणतो, साहेब हाताखालच्याला म्हणतो, आणि त्या 'बरं'च्या पोटात 'नाहीतर बघ' लपलेलं असतं. इंग्रजीतही तस्संच आहे, ऐकणाऱ्याला वाटतं की टीमला कळवलं नाही तर हा माणूस काहीतरी करणार आहे. स्वतःबद्दल किंवा सगळ्यांबद्दल बोलताना मात्र ते छान बसतं, 'वी हॅड बेटर लीव्ह नाऊ, द लास्ट बस इज अ‍ॅट नाइन', कारण तिथे धोका सगळ्यांचा मिळून आहे. अजून एक, यात हॅड दिसतं म्हणून तो भूतकाळ समजू नका, पुढे 'टू' लावू नका, आणि नकार करताना 'हॅड बेटर नॉट' असा शेवटी करा.

मस्टचं दुखणं वेगळं आहे आणि ते आपल्या 'पाहिजे'मुळे झालंय. आपण सकाळपासून किती वेळा पाहिजे म्हणतो मोजा: दूध आणायला पाहिजे, डॉक्टरांना दाखवायला पाहिजे, हा सिनेमा बघायला पाहिजे, हेल्मेट घालायलाच पाहिजे. यातलं पहिलं आठवण आहे, दुसरं काळजी, तिसरं शिफारस आणि चौथं कायदा. मराठीत कुठलं किती जड ते आपल्या आवाजावरून आणि त्या 'च'वरून कळतं, इंग्रजीला मात्र प्रत्येकासाठी वेगळा शब्द लागतो, आणि आपण सगळीकडे मस्ट ठोकून देतो. मी शाळेत शिकवत होते तेव्हा कित्येक वर्षं फळ्यावर 'मस्ट म्हणजे पाहिजे' एवढंच लिहून मुलांकडून पाठ करून घेतलं, तसं करायला नको होतं, त्यातली काही मुलं आज तुमच्यासारखीच मेल लिहीत असतील.

'पाहिजे' हा शब्द मुळात किती मऊ आहे ते पण सांगते, मला त्याचं फार अप्रूप आहे. जुन्या मराठीत क्रियापदाला 'इजे' लावून कर्मणी रूप व्हायचं, तसं पाहणेचं पाहिजे झालं, म्हणजे 'पाहिलं जातं, वाट बघितली जाते'. 'म्हणजे' हा शब्दही तसाच म्हणणेतून आलाय. हुकूम त्यात मुळात नव्हताच!

मग मेलमधे काय लिहायचं? आधी स्वतःला मराठीत विचारा की नाही केलं तर काय होईल. काहीच बिघडणार नसेल, फक्त बरं पडेल, तर 'यू माइट वॉन्ट टू चेक' किंवा 'इट माइट बी वर्थ चेकिंग'. करणं शहाणपणाचं असेल तर शुड, आणि त्याच्या आधी 'आय थिंक' लावलं की ते अजून मवाळ होतं. आपल्या म्हणींमधला विध्यर्थ आठवा, अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऐकावे जनाचे करावे मनाचे, तो 'वे' म्हणजे शुड, सांगून मोकळं होतो, बळजबरी करत नाही. आणि खरंच बंधन असेल, तेही बाहेरून आलेलं, तर हॅव टू, म्हणजे आपलं 'लागतं'. तुमचं वाक्य असं करता येईल: 'द फाइल हॅज टू बी चेक्ड बाय फ्रायडे, बिकॉज द रिलीज इज ऑन मंडे.' इथे तुम्ही कोणाला हुकूम देत नाही, सोमवारची तारीखच सगळं सांगते.

मस्ट लिहायचंच नाही असं नाही हं. पाटीवर, नियमात ते योग्यच आहे. आणि आग्रहाला तर त्याच्याइतका गोड शब्द नाही, 'यू मस्ट कम टू अवर प्लेस फॉर गणपती' म्हणजे 'यायलाच पाहिजे हं, काही ऐकणार नाही', त्याचं कोणाला वाईट वाटत नाही कारण त्यात फायदा समोरच्याचा आहे.

प्रश्न: मी स्टाफ नर्स आहे, बाहेर जायचंय म्हणून ओईटीची, म्हणजे डॉक्टर-नर्सेससाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतेय. रोलप्लेमधे मी पेशंटला म्हणाले 'यू मस्ट नॉट टेक धिस विथ फूड'. मला म्हणायचं होतं की जेवणाबरोबरच घ्यायला पाहिजे असं काही नाही. क्लासच्या सरांनी तिथेच थांबवलं, पण फरक नीट कळला नाही. (सांगलीहून एक ताई)

ताई, सरांनी थांबवलं ते फार बरं केलं. तुम्ही पेशंटला सांगितलंत की ही गोळी जेवणाबरोबर अजिबात घ्यायची नाही. बिचारा उपाशीपोटी घेत बसेल.

मस्ट आणि हॅव टू होकारात सख्खे भाऊ वाटतात, नकारात मात्र दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. 'मस्ट नॉट' म्हणजे न करणं भाग आहे, मनाई आहे. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे करणं भाग नाही, सूट आहे. आपल्याकडे घोळ होतो कारण मराठीत 'यायला नको' हे दोन्हीकडे चालतं, 'तू यायला नको, तिथे भांडणं होतील' आणि 'तू यायला नको, मी एकटी आणते भाजी'. पण मराठीने आपल्याला एक फार कामाचा शब्द दिलाय, 'चालेल'. वाक्य मनात म्हणून बघा, 'नाही घेतली तरी चालेल' असं म्हणता येतंय का? येत असेल तर डोन्ट हॅव टू किंवा नीडन्ट. 'नाही घेतली तरी चालेल' म्हणणं खोटं ठरणार असेल आणि तुम्हाला 'घ्यायचीच नाही' म्हणायचंय, तरच मस्ट नॉट.

आणि खऱ्या वॉर्डात मी तर म्हणेन मनाई करताना मस्टन्टवर विसंबूच नका. त्यातला पहिला ट बोलताना गळतो, 'मसन्ट' होतं, घाईत शेवटचा तुकडा ऐकूच आला नाही तर पेशंट उलटं समजतो. 'प्लीज डू नॉट टेक इट विथ मिल्क' म्हणा. सूट द्यायची असेल तर 'यू कॅन टेक इट विथ ऑर विदाउट फूड'. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत दोन रोलप्ले असतात, साधारण पाच पाच मिनिटांचे, तिथे पेशंटशी कसं बोलता याला मार्क आहेत, त्यामुळे सल्ल्यासाठी 'इट वुड बी अ गुड आयडिया टू', 'आय वुड रेकमेंड' ही दोन वाक्यं जिभेवर घोळवून ठेवा. नुसत्या 'यू शुड'ची माळ लावली की शिकवणी घेतल्यासारखं वाटतं.

प्रश्न: माझी मैत्रीण लेस्टरला असते, तिकडेच वाढलेली, आमचं बोलणं इंग्रजीतच होतं. तिचे वडील गेल्याचं मला कळलं होतं पण घरच्या गडबडीत फोन करायचं राहून गेलं. दोन महिन्यांनी मेसेज केला 'आय मस्ट हॅव कॉल्ड यू'. तिचं उत्तर आलं, 'नो, आय डिडन्ट गेट एनी कॉल'. मला फार मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय चुकलं? (कोल्हापूरहून एक वाचक)

तुमचं पत्र वाचून मलाही कसंतरी झालं, कारण मनात खरी हळहळ होती आणि पोचलं भलतंच. तुमच्या मैत्रिणीने वाचलं ते असं: 'मी तुला फोन केला असणार.' म्हणजे बहुतेक केलाच होता, नीट आठवत नाही. म्हणून ती म्हणाली, नाही गं, आलाच नाही.

तुम्ही हिशोब सरळ केलात, पाहिजे म्हणजे मस्ट, होतं म्हणजे हॅव, मग पाहिजे होतं म्हणजे मस्ट हॅव. पण मस्टला या अर्थाने भूतकाळच नाही. तो शब्द स्वतःच जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूप होता, पुढे वर्तमानात येऊन बसला आणि मागे जायची वाट बंद झाली. त्यामुळे मस्ट हॅव म्हणजे फक्त अंदाज, पक्का अंदाज, आपलं 'असणार'. दारात चपला दिसल्या की 'दे मस्ट हॅव कम', आली असणार मंडळी. आणि जे करणं भाग पडलं आणि आपण केलं त्याला हॅड टू, 'जावं लागलं'.

हळहळीचा शब्द शुड हॅव. 'आय शुड हॅव कॉल्ड यू', फोन करायला हवा होता. 'आय शुडन्ट हॅव सेड दॅट', तसं बोलायला नको होतं. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, शुड हॅव गॉन, शुड हॅव सीन, 'शुड हॅड' किंवा 'शुड हॅव वेन्ट' करू नका. ऑट टू हॅव पण चालतं, जरा वजनदार वाटतं, आणि त्याचं मूळ फार सुंदर आहे, ओ म्हणजे देणं लागणं, त्याच्याच जुन्या भूतकाळातून ऑट आलं. आपण म्हणतो ना, 'मी त्याचं देणं लागतो', कर्तव्याला कर्जाची उपमा त्यांनीही दिली.

यातही छटा आहेत, आणि त्या सगळ्या तुमच्या मराठीत आहेतच. 'मी फोन करू शकले असते' म्हणजे कुड हॅव, शक्य होतं आणि नाही केलं. हेच दुसऱ्याला म्हटलं की लटका राग होतो, 'यू कुड हॅव टोल्ड मी!', आपलं 'सांगायचं होतंस ना!'. 'केला असता' म्हणजे वुड हॅव, त्याला जोडीला 'जर' लागतो, 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम'. इथे मराठी माणसाचा पाय हमखास घसरतो, कारण शाळेत शिकलेला संकेतार्थ दोन्हीकडे 'असतं' लावतो, कळलं असतं तर आले असते, म्हणून आपण दोन्हीकडे वुड हॅव लावतो. इंग्रजीत 'जर'च्या बाजूला हॅड, वुड फक्त 'तर'च्या बाजूला. आणि तुमच्या बाबतीत हे वाक्य वापरूही नका, तुम्हाला कळलं होतं, तिला ते पुढे मागे समजेल.

आता तिला पुन्हा लिहा. 'आय नीड टू करेक्ट माय लास्ट मेसेज. आय नेव्हर कॉल्ड, अँड आय शुड हॅव. आय अ‍ॅम सो सॉरी.' कारणं देऊ नका, गडबड होती वगैरे. शुड हॅवच्या पुढे 'बट' आला की हळहळ संपते आणि खुलासा सुरू होतो, हे मी इंग्रजीबद्दल सांगतेय आणि मराठीतही तेच आहे.

प्रश्न: मुलगी इंग्लिश मीडियमला आहे, चॅटिंगमधे 'शुड ऑफ' लिहिते आणि म्हणते की गोरे लोकही असंच लिहितात. बरोबर आहे का? (नाशिकहून एक पालक)

लिहितात हे खरं, बरोबर नाही हेही खरं. शुड हॅव पटकन बोललं की 'शुडव्ह' होतं आणि ते कानाला 'शुड ऑफ'सारखं लागतं, म्हणून त्यांची मुलं ऐकून तसं लिहितात. परीक्षेत मार्क जातील. बोलण्यात मात्र 'शुडव्ह' जरूर म्हणू दे, आपण 'शुड... हॅव' असं तोडून बोलतो ते पुस्तकी वाटतं. आणि शुडमधला एल कधीच उच्चारायचा नाही, एवढं घरात सगळ्यांनी पाळा.

प्रश्न: मुलाकडे मँचेस्टरला आलेय. शेजारच्या बाईंना डबाभर नारळाच्या वड्या नेऊन दिल्या तर त्या म्हणाल्या 'ओह, यू शुडन्ट हॅव!' मी ओशाळून परत आले. यांच्यात काही न्यायचं नसतं का? (मूळच्या रत्नागिरीच्या एक आजी)

आजी, अहो त्या खूश झाल्या होत्या! हे आपलं 'अगं बाई, कशाला आणलंत एवढं!' आहे, अगदी तेच, आणि डबा हातात घेत घेतच म्हणतात. तक्रार असती तर वाक्य पूर्ण केलं असतं, काय करायला नको होतं ते पुढे सांगितलं असतं. अर्धवट सोडून हसत म्हटलं की ते आभार. 'यू नीडन्ट हॅव' किंवा 'यू डिडन्ट हॅव टू' पण ऐकायला मिळेल, त्याचाही अर्थ तोच, एवढी तसदी कशाला घेतलीत.

उत्तरादाखल नुसतं 'इट्स माय प्लेझर' म्हणा, किंवा 'आय होप यू लाइक देम'. आणि डबा त्या परत देतील तेव्हा रिकामा येईलच असं नाही, त्यात काही घालून दिलं तर तुम्हीही म्हणा, हसून, 'ओह, यू शुडन्ट हॅव!'