325 ने उत्तेजन आणि 650 वर शिखर: अर्थ लावण्याआधी अंकांची मूळ फाइल मागा

नमस्कार. अंबाजोगाईहून संशोधन करणाऱ्या ताईंचा प्रश्न वाचला. हेच दुखणे मी स्वतः भोगलेले असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. त्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. झिंक ऑक्साइडचे सूक्ष्मकण पाण्यात विखरून त्यांनी एका उपकरण केंद्राकडे मोजणीसाठी पाठवले. 325 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजन दिल्यावर उत्सर्जनाच्या वर्णपटात (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती बाहेर पडतो, याच्या आलेखात) 380 च्या आसपास एक पट्टा, 530 च्या आसपास रुंद हिरवा पट्टा, शिवाय 365 वर एक छोटा उंचवटा आणि 650 वर एक टोकदार शिखर दिसले. 365 चे कारण कणांचा लहान आकार आणि 650 चे कारण स्फटिकातील दोष, असे त्यांनी लिहिले. परीक्षकाने ‘निव्वळ पाण्याचा वर्णपट जोडा’ एवढीच मागणी करून शोधनिबंध परत पाठवला आणि केंद्राने तर आलेखाचे केवळ चित्र दिलेले आहे.

मी रसायनशास्त्र शिकवतो, उपकरणांचा अभियंता नाही, आणि तुमचा नमुनाही मी पाहिलेला नाही. तरीही माझे मत स्पष्ट आहे: 380 आणि 530 चे पट्टे झिंक ऑक्साइडचे असावेत, पण 365 आणि 650 या दोन्ही गोष्टी तुमच्या कणांतून आलेल्या नसण्याचीच शक्यता फार मोठी आहे.

650 ही 325 ची बरोबर दुप्पट आहे, हे प्रथम पाहा. उपकरणातील ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) एकाच रंगाचा प्रकाश अनेक कोनांत वळवते, त्यांना पहिला क्रम, दुसरा क्रम म्हणतात. ती ज्या कोनात 650 नॅनोमीटरचा प्रकाश पहिल्या क्रमाने डिटेक्टरकडे वळवते, त्याच कोनात 325 चा प्रकाश दुसऱ्या क्रमाने वळवते, आणि डिटेक्टरला या दोहोंतला फरक कळत नाही. पाण्यात विखुरलेले कण गढूळपणामुळे उत्तेजनाचा प्रकाश मोठ्या प्रमाणात विखुरतात, त्यामुळे हा दुसऱ्या क्रमाचा भाग चांगलाच ठळक दिसतो. उत्सर्जनाच्या बाजूला 350 च्या खालचा प्रकाश अडवणारे फिल्टर बसवले की हे शिखर नाहीसे व्हायला हवे. काही उपकरणे असे फिल्टर आपोआप बसवतात, काहींत ते हाताने बसवावे लागते, आणि ते बसवले होते की नाही हे आलेखाच्या चित्रावरून कधीच कळत नाही. शिखर टोकदार आहे म्हणून ते खोटे, असे मात्र कुणी सांगितले तर मान्य करू नका. युरोपियम मिसळलेल्या पदार्थांत 612 च्या आसपास येणाऱ्या अरुंद रेषा पूर्णपणे खऱ्या असतात.

365 चा उंचवटा बहुधा पाण्याचा रामन विखुरणीचा आहे. पाण्याचा रेणू आपल्या कंपनासाठी त्यावर पडणाऱ्या प्रकाशातून, तरंगसंख्येच्या एककात सांगायचे तर सुमारे 3400 प्रति सेंटिमीटर इतकी ऊर्जा ठेवून घेतो आणि उरलेला प्रकाश विखुरला जातो. 325 च्या प्रकाशाच्या ऊर्जेतून ती वजा केली की उरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी 365 च्या जवळच येते. हा आकडा झिंक ऑक्साइडच्या पट्टदरीच्या (इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यात जायला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) इतक्या जवळ आहे, की कण लहान झाल्यामुळे पट्टा निळ्याकडे, म्हणजे कमी तरंगलांबीकडे, सरकला असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. 2023 साली क्वांटम डॉटना (आकारानुसार रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना) रसायनशास्त्राचे नोबेल मिळाल्यापासून तर प्रत्येक वर्णपटात आकाराचा परिणाम शोधण्याकडे ओढा वाढला आहे, असे माझे निरीक्षण आहे.

पडताळणी साधी आहे. उत्तेजन 325 वरून 335 वर न्या आणि बाकी काहीही बदलू नका. कणांचे खरे उत्सर्जन जागेवरून हलणार नाही, दुसऱ्या क्रमाचे शिखर 650 वरून 670 वर जाईल आणि पाण्याचा उंचवटा 378 च्या आसपास सरकेल. मात्र तेथे तो 380 च्या पट्ट्यात मिसळेल, म्हणून निव्वळ पाण्याचा वर्णपट त्याच मांडणीत जरूर घ्या. त्या केंद्रात झेनॉन दिव्याऐवजी हेलियम-कॅडमियम लेसर असेल, तर 325 ही त्याची ठरलेली रेषा आहे आणि ती सरकवता येणार नाही. मग फिल्टर आणि निव्वळ पाणी या दोनच कसोट्या उरतात.

आता ज्या गोष्टीने माझा सर्वाधिक काळ वाया गेला, ती सांगतो. माझा पदार्थ झिंक सल्फाइड होता, उत्तेजन 330 चे होते आणि शिखर 660 वर आले होते. केंद्राचे नाव घेत नाही. पैसे डिमांड ड्राफ्टने आगाऊ भरले होते. काही आठवड्यांनी लिफाफ्यातून एक कागद आला. त्यावर एक गुळगुळीत रेघ, उभ्या अक्षावर आकडे नाहीत, आडव्या अक्षावर दर शंभर नॅनोमीटरला एक खूण, खाली सही आणि शिक्का. झिरीची (उपकरणात प्रकाश जाण्याच्या फटीची) रुंदी, फिल्टर, रेघ गुळगुळीत करण्यासाठी कोणती प्रक्रिया वापरली, यांपैकी एका शब्दाचाही उल्लेख नव्हता. परीक्षकाने माझ्याकडेही निव्वळ द्रावकाचा वर्णपट मागितला, तेव्हा मी केंद्राला अंकांची फाइल मागितली. ‘आलेख दिलेला आहे, फाइल देण्याची तरतूद नाही’ असे उत्तर आले. पुन्हा लिहिले, तर मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली झाल्याचे कळले. त्यानंतर संगणक बदलल्यामुळे जुनी नोंद उरलेली नाही, असे सांगण्यात आले. ज्या मोजणीवर प्रबंधाचे एक प्रकरण उभे होते, तिची एकमेव खूण म्हणजे तो शिक्क्याचा कागद उरला. दरम्यान नमुना जुना होऊन कण गोळा झाले होते, आणि तो पुन्हा तयार करण्यावाचून मार्ग नव्हता.

शेवटी दुसऱ्या एका प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी मला शेजारी उभे करून उत्तेजन 330 वरून 340 वर नेले आणि पडद्यावर 660 चे शिखर माझ्यादेखत 680 वर सरकले. त्यांनी फिल्टर बसवले आणि तेथे सपाट रेघ उरली. या कामाला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. पहिल्या केंद्राने अंक आणि मोजणीच्या अटी दिल्या असत्या, तर हे सारे घरबसल्या उलगडले असते, याची चीड मला आजही येते. मराठवाड्यातील लहान महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना प्रत्येक मोजणीसाठी नमुना बाहेर पाठवावा लागतो; ज्याच्याकडे स्वतःचे उपकरण नाही, त्याचीच नोंद अपुरी ठेवणे हा मला सरळ अन्याय वाटतो.

हा प्रश्न नवा नाही, हेही तुमच्या मार्गदर्शकांना जरूर सांगा. कलकत्त्यात 1923 साली सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण, रंग बदललेला भाग दिसला, आणि तो अशुद्धींमुळे येणारे प्रस्फुरण (शोषलेला प्रकाश दुसऱ्या रंगात बाहेर टाकणे) असावा असे मानले गेले; पण पाणी पुनःपुन्हा शुद्ध करूनही तो जाईना. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी फिल्टर वापरून, त्या प्रकाशाचे ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) तपासून, आणि पुढे पाऱ्याच्या दिव्याच्या रेषांपासून नव्या रेषा किती सरकतात हे मोजून 1928 साली त्याचा उलगडा केला. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन आपण त्याचसाठी साजरा करतो. उत्तेजनाचा प्रकाश बदलला की काय हलते आणि काय स्थिर राहते, हीच कसोटी तुमच्या नमुन्याला लावायची आहे.

आणखी एक गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्या चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसर किरण धावतील आणि त्यांच्या व्यतिकरणातून गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील. अमेरिकेतील लायगोने 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर टिपली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ती जाहीर करताना त्या घटनेचा विदाही सर्वांसाठी खुला केला. आज कोणताही विद्यार्थी तो उतरवून घेऊन स्वतः तपासू शकतो. इतक्या नाजूक मोजणीचे अंक जगाला मिळतात, मग पैसे मोजून घेतलेल्या साध्या वर्णपटाचे अंक आपल्या विद्यार्थ्याला का मिळू नयेत, याचे उत्तर मला कोणत्याही नियमात सापडलेले नाही.

म्हणून यापुढे नमुना पाठवतानाच अर्जात लिहा, की आम्हाला प्रक्रिया न केलेली अंकांची फाइल, दोन्ही झिऱ्यांची रुंदी, वापरलेले फिल्टर, डिटेक्टरचा विद्युतदाब आणि निव्वळ पाण्याचा त्याच अटींवरील वर्णपट हवा आहे. जे केंद्र याला नकार देते, तेथे दर कितीही कमी असला तरी नमुना पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. केंद्रांचे नियम वेगवेगळे असतात आणि काही केंद्रे अतिशय उत्तम काम करतात, म्हणून आधी फोन करून विचारून घ्या.

जाता जाता दोन सूचना. 325 साठी क्वार्ट्झचाच क्युव्हेट (नमुना भरायची पारदर्शक कुपी) वापरा, कारण साधी काच तेथे बराच प्रकाश शोषून घेते. उत्तेजनाच्या तरंगलांबीला नमुन्याची शोषकता (प्रकाश किती शोषला जातो याचे माप) 0.1 च्या आत ठेवा. ती 2 झाली, तर आत शिरलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 1 टक्का पलीकडे पोहोचतो आणि उत्सर्जनाची तीव्रता फसवी येते. तुमच्याच महाविद्यालयात जुने उपकरण असेल, तर वीज गेल्यानंतर दिवा पुन्हा लावून किमान अर्धा तास स्थिर होऊ द्या. भारनियमनाच्या दिवसांत ही काळजी घेतली नाही, तर दोन वर्णपटांची तुलनाच करता येत नाही.

नव्या मोजणीत 650 चे शिखर फिल्टरने गेले, तर तो परिच्छेद शोधनिबंधातून काढून टाका आणि परीक्षकाला निव्वळ पाण्याचा वर्णपट जोडून कारण स्पष्ट लिहा. 380 आणि 530 च्या पट्ट्यांवर तुमचे काम उभे राहू शकते. फाइल मिळाली की दोन्ही उत्तेजनांचे अंक येथेच टाका, मी पाहून सांगतो.